पाळीआधीचे आठ दिवस : एका दुर्लक्षित आजाराची ओळख



मंडळाने यंदा आरोग्यविषयक लेख मागितला तेव्हा मधुमेह, सांधेदुखी, झोप असे विषय सुचवले होते. मी पाळीआधीच्या दिवसांत होणाऱ्या मनाच्या आजारावर लिहिते म्हटल्यावर एका ज्येष्ठ सदस्यांनी सौम्यपणे विचारले, "डॉक्टरबाई, आपले पुस्तक घरातली सगळी माणसे वाचतात. हा विषय चालेल ना?" सगळी माणसे वाचतात म्हणूनच तो इथे यायला हवा, असे मी त्यांना सांगितले. हा आजार बाईला होतो, पण त्याची झळ साऱ्या घराला लागते. शिवाय त्याची खूण रक्ताच्या तपासणीत मिळत नाही. ती घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मिळते.

मोजलेले दिवस, न मोजलेले दिवस

माझे बालपण बेळगावच्या एका जैन एकत्र कुटुंबात गेले. गावात मुनिमहाराजांचा मुक्काम असला आणि आमच्याकडे आहारासाठी चौका लावायचे ठरले, की आजी सर्वांत आधी घरातल्या बायकांच्या तारखा बघायची. कुणाची पाळी कधी येणार हे तिला तोंडपाठ असे. जिची अडचण असेल ती चार दिवस बाजूला बसे. आपल्यापैकी अनेकांच्या घरांत, मग ती बेळगावची असोत, बडोद्याची असोत की इंदूरची, गणपती, श्रावण, लग्नकार्य यांच्या निमित्ताने हा हिशेब चालत असे. काही घरांत तो आजही चालतो. सण तोंडावर आला की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आणल्या जातात, तोही याच हिशेबाचा भाग.

या रीतीची बाजू घेण्यासाठी किंवा तिच्यावर टीका करण्यासाठी मी हे सांगत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे, की आपल्या घरांनी पाळीचे चार दिवस पिढ्यान्‌पिढ्या काटेकोरपणे मोजले. त्याआधीचे सात-आठ दिवस मात्र कुणी मोजले नाहीत. त्या दिवसांत एखादी सून भांडी आपटू लागली, एखादी लेक खोलीचे दार लावून रडत बसली, तर "हिचा स्वभावच तसा", "माहेरचं वळण", "अंगात आलंय" असे म्हणून विषय संपे. पाळी आली की ती पुन्हा शांत होई आणि घर सारे विसरून जाई. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. ज्या घराला तारखा पाठ होत्या, त्याच घराला या दोन गोष्टींचा संबंध दिसला नाही.

माझी चूक

मी स्वतः डॉक्टर, त्यातून बाई. तरी मलाही तो दिसला नव्हता. पुढची हकिगत संबंधित बाईंच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

२००३ साली एक प्राथमिक शिक्षिका माझ्याकडे येऊ लागल्या. वय तिशीच्या पुढे, दोन मुले, घरी सासू-सासरे. शाळेत सर्वांच्या आवडत्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "डॉक्टरबाई, कसं की होतंय बघा. एवढ्या-तेवढ्यावरून पोरांवर हात उचलावा वाटतंय. मग रात्री वाटतंय, मी नसले तरच ह्या सगळ्यांचं बरं होईल." मी आमच्या पद्धतीप्रमाणे तास-दीड तास बसून सगळी माहिती लिहून घेतली आणि औषध दिले. आठ-दहा दिवसांनी त्या हसतमुखाने आल्या. "तुमच्या गोळ्या लागू पडल्या." मी केसपेपरवर 'आराम' असे लिहिले आणि मनातून सुखावले.

पुढच्या महिन्यात पुन्हा तोच त्रास. मी औषध बदलले, पुन्हा आराम. असे पाच वर्षे चालले. मध्ये एकदा मी थायरॉइड आणि हार्मोनच्या तपासण्या करून घेतल्या. सगळे आकडे योग्य आले. "रिपोर्ट नॉर्मल आहेत, काळजी करू नका," असे मी सांगितले. त्या काही न बोलता उठून गेल्या. पुढे कधीतरी त्यांनी सांगितले, की तो दिवस त्यांना सर्वांत जड गेला. आजार नाही म्हणजे आपणच वाईट, असा त्यांनी त्याचा अर्थ घेतला होता.

२००८ साली एका रात्री त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. यजमानांना वेळेत जाग आली म्हणून त्या वाचल्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांचे सगळे केसपेपर काढून बसले. आमच्या पद्धतीत प्रत्येक भेटीला मागच्या पाळीची तारीख विचारून लिहायची असते. माझ्याच अक्षरात ती प्रत्येक कागदावर होती. मी एका कोऱ्या कागदावर सगळ्या तारखा एकाखाली एक लिहिल्या : तक्रार घेऊन आल्या तो दिवस, आणि त्यानंतर पाळी आली तो दिवस. दोन-तीन अपवाद सोडले तर प्रत्येक तक्रार पाळीच्या आधीच्या आठवड्यात पडत होती, आणि प्रत्येक 'आराम' पाळीनंतरच्या आठ-दहा दिवसांत. मी ज्याला माझ्या गोळीचा गुण समजत होते, तो पाळी सुरू झाल्याचा परिणाम होता. कोणत्याही पॅथीचे कोणतेही औषध त्या आठवड्यात दिले असते, तरी ते 'लागू पडलेच' असते. तारखा माझ्याजवळ होत्या, मी त्या शेजारी-शेजारी ठेवून वाचल्या नव्हत्या.

तो कागद घेऊन मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांचे निदान पंधरा मिनिटांत झाले.

आजार कोणता?

या आजाराला वैद्यकशास्त्रात प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर म्हणतात, थोडक्यात पीएमडीडी. मराठीत आपण त्याला पाळीपूर्व तीव्र मनोविकार म्हणू.

पाळीआधी थोडी चिडचिड, पोट जड वाटणे, छाती दुखणे, गोड खावेसे वाटणे हे फार बायकांना होते. त्यात आजार असा काही नाही. थोडा आराम, थोडे समजून घेणे एवढ्यावर ते निभावते. पीएमडीडी वेगळा आहे. त्यात पाळीच्या आधीच्या आठवड्यात मन इतके बिघडते, की नोकरी, अभ्यास, नाती, घर सगळ्यावर घाला येतो. निदानासाठी ठरवलेल्या ११ लक्षणांपैकी किमान ५ असावी लागतात आणि त्यांतले निदान एक मनाचे असावे लागते : अचानक रडू येणे किंवा मन क्षणात पालटणे, तीव्र चिडचिड वा भांडणे, खोल उदासी व निराशा, किंवा सततची घालमेल व भीती. बाकीची लक्षणे म्हणजे कशात रस न वाटणे, लक्ष न लागणे, गळून जाणे, भूक आणि झोप बिघडणे, सारे हाताबाहेर जाते आहे असे वाटणे, आणि अंग सुजल्यासारखे होण्यासारख्या शारीरिक तक्रारी.

मात्र लक्षणांच्या यादीपेक्षा वेळ महत्त्वाची. त्रास पाळीआधी सुरू होतो, पाळी आल्यावर दोन-चार दिवसांत ओसरतो, आणि पाळीनंतरचा आठवडा जवळजवळ स्वच्छ जातो. हा स्वच्छ आठवडा असेल तरच पीएमडीडी. महिनाभर उदासी असेल आणि पाळीआधी ती वाढत असेल, तर मूळ आजार दुसरा आहे आणि पाळीआधी तो बळावतो आहे, असे समजून त्यावर उपचार करावे लागतात.

किती जणींना हा आजार असतो? अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेने हे प्रमाण पाळी येणाऱ्या स्त्रियांत १.८ ते ५.८ टक्के दिले आहे. भारतातल्या अभ्यासांची एकत्र मांडणी करून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लेखात ते ८ टक्क्यांच्या आसपास निघाले. पण आठवणीवरून प्रश्नावली भरून घेतली की आकडा फुगतो, आणि दोन महिने रोजची नोंद ठेवायला सांगितली की तो खाली येतो. सावधपणे धरले तरी शंभरात दोन-तीन जणी होतात. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमाला दीडशे बायका जमल्या, तर त्यांत तीन-चार जणींनी हे सोसलेले असते किंवा त्या सोसत असतात.

आणि हे सोसणे जिवावर बेतू शकते. पीएमडीडीचे निदान झालेल्या, निरनिराळ्या देशांतल्या ५९९ जणींच्या पाहणीत सुमारे ३४ टक्के जणींनी आयुष्यात कधीतरी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे सांगितले. ती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. स्वतःहून माहिती द्यायला पुढे आलेल्यांची ही पाहणी आहे, त्यामुळे हा आकडा प्रत्येक रुग्णाला लावता येणार नाही. तरी 'बायकांचं नेहमीचंच' म्हणून हात झटकण्यासारखा तो नक्कीच नाही.

रिपोर्ट नॉर्मल का येतो?

पाळीचे चक्र दोन भागांत बघू. पहिल्या भागात इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढत जाते. पुढची पाळी यायच्या साधारण चौदा दिवस आधी बीजकोशातून बीज सुटते. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन वाढते आणि पाळी येण्याच्या सुमारास ही दोन्ही हार्मोने उतरतात. हे प्रत्येक बाईत होते, मग त्रास काहींनाच का?

याचे उत्तर अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी १९९८ मध्ये एका सुरेख प्रयोगातून दिले. पाळीआधी तीव्र त्रास होणाऱ्या बायकांना त्यांनी असे इंजेक्शन दिले, की बीजकोशाचे काम तात्पुरते थांबले. अनेकींचा त्रास थांबला. मग त्यांना बाहेरून हार्मोन दिले, आणि त्रास परत आला. ज्यांना कधीच त्रास नव्हता अशा बायकांवरही हेच सारे केले. त्यांना काहीही झाले नाही. म्हणजे हार्मोनचे प्रमाण दोघींत सारखेच होते. फरक होता तो त्या हार्मोनला मेंदू कसा प्रतिसाद देतो यात.

प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात ॲलोप्रेग्नॅनोलोन नावाचे द्रव्य तयार होते. मेंदूत शांतता आणणारी जी यंत्रणा आहे, तिच्यावर ते काम करते. एरवी त्याने मन निवते. पीएमडीडी असणाऱ्या बायकांचा मेंदू या द्रव्याच्या चढउताराशी नीट जुळवून घेत नाही आणि परिणाम उलटा होतो, असे आजचे संशोधन सांगते. २०१७ मध्ये त्याच संस्थेने अशा बायकांच्या पेशींत, हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या जनुकांच्या एका गटाचे काम वेगळे चालते, असे दाखवले. म्हणजे हा स्वभाव नाही, वळण नाही आणि नाटक तर नाहीच.

एवढे समजले की 'रिपोर्ट नॉर्मल' याचा अर्थही कळतो. प्रमाण ठीक असल्यामुळे रक्तातला आकडा ठीकच येणार. थायरॉइड आणि रक्तक्षय तपासावेत, कारण त्यांनीही थकवा आणि उदासी येते. पण ते नॉर्मल आले म्हणून बाईला घरी पाठवू नये. मी पाठवले होते.

नाव मिळायला लागलेली वर्षे

पाळीआधीच्या तणावावर रॉबर्ट फ्रँक या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९३१ मध्ये लेख लिहिला. १९५३ मध्ये इंग्लंडमध्ये कॅथरिना डाल्टन आणि रेमंड ग्रीन यांनी त्याला आज रूढ असलेले नाव दिले. साहित्यप्रेमी वाचकांसाठी सांगते, हे रेमंड ग्रीन म्हणजे कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन यांचे थोरले बंधू. १९८७ मध्ये अमेरिकन निदानपुस्तिकेच्या परिशिष्टात हा आजार आला, १९९४ मध्ये नाव बदलून परिशिष्टातच राहिला आणि २०१३ मध्ये मुख्य भागात दाखल झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या यादीत तो स्त्रीरोगांच्या प्रकरणात आहे आणि नैराश्याच्या प्रकरणातही त्याचा उल्लेख आहे.

इतका वेळ लागण्यामागे एक कारण आदर वाटावे असे होते. पाळीला मनोविकार जोडला, तर 'बायका भरवशाच्या नसतात' म्हणायला पुरुषांना निमित्त मिळेल, अशी भीती स्त्री-चळवळीतल्या अनेकींनी बोलून दाखवली. ती खोटी नव्हती. पण नाव नसल्याचा तोटा आजारी बाईलाच झाला. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणतात मनाचे आहे, मनोविकारतज्ज्ञ म्हणतात पाळीचे आहे, आणि आम्ही होमिओपॅथ गोळी बदलत राहतो.

कॅलेंडरवरची नोंद

निदान कसे करायचे? लागोपाठ किमान दोन महिने रोज नोंद ठेवून. आठवणीवर विसंबायचे नाही. वाईट दिवस मनात ठसतात आणि बरे दिवस विसरले जातात. डॉक्टरांकडे यासाठी छापील तक्ते असतात, पण सुरुवात करायला घरचे कॅलेंडर पुरते. आपल्या बायका दूध, गॅस सिलिंडर, कामवालीचे खाडे त्यावर लिहितातच.

रोज रात्री झोपण्याआधी त्या दिवसाच्या चौकोनात चार आकडे लिहा : चिडचिड, उदासी, घालमेल, रडू. काहीच नसेल तर ०, थोडे असेल तर १, बरेच असेल तर २, कामात वा नात्यात अडथळा येण्याइतके असेल तर ३. पाळी आली त्या तारखेला गोल करा. झोप फारच बिघडली किंवा जीव नकोसा वाटला, तर तेवढा शब्द लिहा. कॅलेंडर सर्वांच्या नजरेस पडते म्हणून संकोच वाटत असेल, तर छोटी वही उशीखाली ठेवा. दोन महिन्यांनी बघा. गोलाच्या आधी दोन आणि तीन यांची गर्दी आणि गोलानंतर आठवडाभर शून्ये असतील, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. आकडे महिनाभर विखुरलेले असतील, तरी जा. कारण तेव्हा दुसरा आजार शोधायचा आहे.

दोन सूचना. ही नोंद त्या बाईची आहे. ती तिनेच लिहावी आणि तिच्या संमतीनेच दाखवली जावी. नवऱ्याने किंवा सासूने "बघ, तुझी तारीख जवळ आलीय" म्हणून ती वापरली, तर औषधाचे विष होईल. पाळीआधीच्या आठवड्यात बाई रागावली म्हणून तिचा राग खोटा ठरत नाही, तक्रार खरीही असू शकते. आणि दुसरी, जास्त महत्त्वाची. जीव द्यावासा वाटत असेल, तर दोन महिने नोंद ठेवत बसू नये. त्याच दिवशी कुणालातरी सांगावे, डॉक्टर गाठावा. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते, आणि तिथे मराठीतही बोलता येते. घरच्यांनी त्या दिवसांत तिला एकटे सोडू नये, आणि कीटकनाशके व गोळ्यांचे साठे कुलपात ठेवावेत.

उपचार, आणि माझी पॅथी

या आजारावर सर्वांत चांगला पुरावा असलेली औषधे म्हणजे मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणारी, फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन यांसारखी. दहापैकी साधारण सहा-सात जणींना त्यांचा उपयोग होतो. नैराश्यात ही औषधे लागू पडायला काही आठवडे लागतात, पीएमडीडीत मात्र गुण काही दिवसांतच दिसू शकतो. म्हणून अनेकींना ती महिनाभर न देता फक्त पाळीआधीचे दोन आठवडे देता येतात. अमेरिकेत २००० साली फ्लुऑक्सेटिनला या आजारासाठी अधिकृत मान्यता मिळाली. आपल्याकडे ते स्वस्त आहे. पण मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावे, शेजारणीच्या चिठ्ठीवर नव्हे.

ड्रॉस्पिरेनोन असलेली एक गर्भनिरोधक गोळीही काहींना उपयोगी पडते. रक्तात गुठळ्या होण्याचा धोका असलेल्यांना, तसेच काही प्रकारच्या अर्धशिशीत ती चालत नाही. विचारांना वळण देणाऱ्या समुपदेशनाचाही फायदा होतो. पाळीआधीच्या साध्या त्रासात दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियमने लक्षणे कमी झाल्याचे १९९८ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात दिसले. तीव्र आजारात मात्र केवळ त्यावर भिस्त ठेवू नये. कशानेच आराम नसेल, तर बीजकोशाचे काम थांबवणारी इंजेक्शने हा तज्ज्ञांच्या हातातला पुढचा मार्ग.

दोन गोष्टींपासून सावध करते. पहिली, 'पिशवी काढून टाका, कटकट मिटेल' हा सल्ला. पीएमडीडीचे मूळ पिशवीत नाही. पिशवी काढली आणि बीजकोश ठेवले, तर हार्मोनचे चक्र चालूच राहते, त्रासही राहतो. फक्त रक्तस्राव नसल्याने तारीख कळेनाशी होते, म्हणजे होती ती खूणही गेली. दुसरी, सणासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या. त्यांत प्रोजेस्टेरॉनसारखे कृत्रिम हार्मोन असते. काहींना त्याने उदासी येऊ शकते. जिला पाळीआधी मनाचा त्रास होतो, तिने त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. देवाला आपले आरोग्य वाईट झालेले नको असते, एवढे आपण धरून चालू.

आता माझ्या पॅथीविषयी. आमच्या केंट यांच्या १८९७ च्या लक्षणकोशात मनाच्या प्रकरणात 'पाळीपूर्वी उदास', 'पाळीपूर्वी चिडचिड' अशा नोंदी आहेत. रुग्णाचे बोलणे नीट ऐकून घेण्याची आणि तारीख विचारण्याची शिस्त आम्हाला शिकवली जाते. तिचा मला अभिमान आहे. पण तीव्र पीएमडीडी होमिओपॅथीने बरा होतो असे म्हणायला भरवशाचा पुरावा नाही. चाळीस वर्षे हीच विद्या केलेली मी हे लिहिते आहे. रुग्णाचे ऐकणे हे आमचे बळ, आणि योग्य वेळी तिला योग्य दारी पाठवणे हे आमचे कर्तव्य. जीव धोक्यात असताना आपल्या डबीतली पुढची बाटली उघडणे हे कर्तव्यात बसत नाही.

आपण काय करू शकतो?

आपल्या घरांत मनोविकारतज्ज्ञाचे नाव काढले की पहिला विचार येतो तो मुलीच्या लग्नाचा. 'कळलं तर स्थळ मिळेल का?' ही भीती मी हजार वेळा ऐकली आहे. थायरॉइडची गोळी रोज घेणाऱ्या मुली लग्न करून सुखाने नांदतात, तशाच याही नांदतील. न सांगितलेला आजार लग्नानंतर दर महिन्याला स्वतःच बाहेर पडतो, आणि मग त्याला आजार न म्हणता 'सुनेचा स्वभाव' म्हणतात.

बेळगावकरांना मदत दूर नाही. जिल्हा रुग्णालयांत मानसिक आरोग्याचा कार्यक्रम चालतो, आणि धारवाडची डिमहान्स ही सरकारी संस्था रेल्वेने काही तासांच्या अंतरावर आहे. २०१४ पासून किशोरवयीन मुलामुलींसाठी राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमही आहे. शाळांत आता पॅडविषयी मोकळेपणाने बोलले जाते, ही मोठी गोष्ट झाली. त्याच तासाला 'पाळीआधी मनाला काय होते?' हा एक प्रश्न वाढवायला काहीच खर्च नाही. कर्नाटक सरकारने २०२५ मध्ये नोकरदार स्त्रियांना महिन्याला एक दिवस पाळीची पगारी रजा मंजूर केली. तिचे स्वागत आहे, पण या आजारात खरे कठीण दिवस पाळी येण्याआधीचे असतात, हे धोरण करणाऱ्यांना आणि वरिष्ठांना ठाऊक असायला हवे.

संशोधनाच्या बाजूने दोन गोष्टी व्हाव्यात. एकदाच भरलेल्या प्रश्नावलीवर समाधान न मानता महाविद्यालयांनी दोन-दोन महिन्यांच्या रोजच्या नोंदींवर अभ्यास करावेत. आणि ते तक्ते बायकांच्या बोलीत असावेत. इथे साहित्य मंडळाचे काम येते. इंग्रजी तक्त्यातल्या एका शब्दासाठी आपल्याकडे उदास, खिन्न, जीव घाबरा, घुसमट, मन लागेना, नकोसं झालंय असे किती शब्द आहेत! सीमाभागातल्या बाईच्या मराठीत कानडीची छटा असते, बडोद्याच्या बाईच्या मराठीत गुजरातीची. ती नेमके कोणत्या शब्दांत आपले दुःख सांगते, हे गोळा करणे हे भाषेच्या माणसांचे काम आहे. डॉक्टर विचारतो 'डिप्रेशन आहे का?', ती म्हणते 'नाही', कारण तिच्याकडे त्या गोष्टीला वेगळा शब्द असतो. मंडळाने आपल्या महिला शाखेत असे शब्द जमवावेत, ही माझी विनंती आहे. तक्ता करायला मी आणि माझे सहकारी बसू.

त्या शिक्षिका औषधावर स्थिरावल्या. चक्राचा पहिला पंधरवडा औषधाविना आणि दुसरा औषधासह, असे त्यांनी कित्येक वर्षे केले. पाळी कायमची थांबली तसा आजारही गेला. गेल्या वर्षी त्या आपल्या लेकीला घेऊन आल्या. ही प्रवृत्ती घराण्यात उतरू शकते, हे त्यांना ठाऊक होते. लेकीच्या हातात वही होती आणि तिच्यात दोन महिन्यांचे आकडे. आई मला म्हणाल्या, "मला पाच वर्षं लागली, हिला दोन महिने पुरले बघा."

नव्या वर्षाचे कॅलेंडर आपल्या घरी आले असेल, किंवा येईल. त्याच्या खिळ्याला एक पेन्सिल बांधून ठेवा. घरातल्या कुणाला तिची गरज असेल, तर ती तिला हाताशी मिळेल.